स्वेटर टोपलीत पडला

"स्वेटर घेतलास?" नवऱ्यानं दारातून विचारलं.

"घातलाय!" भिंगरीचा आवाज पलंगाखालून आला. प्रवासाची बॅग तिथंच कुठंतरी होती. ती सापडली तेव्हा बॅगेबरोबर पलंगाखालची सगळी धूळही बाहेर आली, कारण स्वेटरची डावी बाही भिंगरीच्या हातापेक्षा वीतभर लांब होती आणि जाईल तिथली जमीन पुसत होती.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण माहेरी किंवा सासरी तिला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस होती. तिच्या बोलण्याच्या ओघात दात कधी निघाला ते रोग्याला कळत नसे, एवढं सांगितलं म्हणजे तिचा स्वभाव लक्षात येईल. गेला महिनाभर मात्र दवाखान्यात दातांचा विषयच निघाला नव्हता. शनिवार-रविवार हातमागाचं निवासी शिबिर होतं, दोन दिवसांत स्वतःच्या हातानं कापड विणायचं होतं, आणि ही बातमी तोंड उघडून खुर्चीत पडलेल्या प्रत्येक माणसाला ऐकावी लागली होती. ते बिचारे बोलू शकत नसल्यामुळे सगळ्यांनाच कल्पना आवडली असं तिचं मत झालं. भावजयीलाही तिनं बरोबर ओढलं होतं. वहिनी खाली गाडीपाशी उभी राहून हाका मारत होती.

आता त्या स्वेटरबद्दल. तो नवऱ्यानं विणला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंचउंच इमारतींच्या पोकळीत लटकून काम करणारा हा माणूस स्वयंपाकघरातला दिवा बदलताना स्टुलावरून पडला आणि प्लास्टरमध्ये पाय घालून घरी बसला. त्या दिवसांत त्यानं सुया आणि लोकर हाती घेतली. लोकर नारिंगी; लिफ्टवाले कामावर घालतात त्या जाकिटासारखी, म्हणजे दिवे गेले तरी माणूस सापडावा अशी. स्वेटरचा गळा इतका घट्ट होता की घालताना एक आणि काढताना दोन माणसं लागत. पण ज्या नवऱ्याचं सगळं बोलणं 'चालेल', 'बघू' आणि 'होईल' एवढ्यात आटपायचं, त्यानं बायकोसाठी स्वेटर विणावा! भिंगरी तो घालून दवाखान्यात गेली, बाजारात गेली, लग्नांनाही गेली. भेटेल त्याला सांगायची, "ह्यांनी विणलाय! पाय मोडलेला असताना! माझ्यासाठी!" नवरा शेजारी उभा राहून छताकडे बघत असे.

एकदाच ती स्वेटर विसरून बाहेर पडली होती. नवरा फक्त "चालेल" म्हणाला. ते 'चालेल' तिला आठवडाभर टोचत होतं. त्यानंतर तिनं स्वेटर कधी विसरला नाही.

"उद्या दुपारी न्यायला येतो," नवरा म्हणाला.

"या, या! माझं कापड बघायला या!" असं म्हणत भिंगरी जिन्यावरून खाली पोचलीसुद्धा.

शिबिर शहराबाहेर एका टेकडीवर होतं. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि मधे ओळीनं लाकडी माग. शिबिर चालवणाऱ्या विणकरबाई सडसडीत, करड्या आवाजाच्या होत्या. त्यांनी उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा, असं सांगायला सुरुवात केली, तोवर भिंगरी मागावर चढून बसली होती.

"मी सांगितल्याशिवाय पाय हलवायचे नाहीत," विणकरबाई म्हणाल्या.

"नाही हलवत!" भिंगरी म्हणाली आणि तिचे पाय हलले. पायाखालच्या पट्ट्या खाली गेल्या, निम्मे धागे वर उचलले गेले, आणि भिंगरी किंचाळली, "वहिनी! दार उघडलं! अगं बघ, धाग्यांना दार आहे!"

त्या दारातून आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा, फणी पुढे ओढून धागा ठोकून बसवायचा, पाय बदलायचे, पुन्हा धोटा फेकायचा. तासाभरात खोलीत खटखटीचा असा काही नाद लागला की चहा आला तरी कोणी उठेना. शेजारच्या मागावर एक व्यायामशाळा चालवणारा पहिलवान होता. तो फणी अशी ठोकायचा की खिडक्यांच्या काचा थरथरत. पलीकडे एक निवृत्त न्यायाधीश होते. ते प्रत्येक धागा चष्म्यातून तपासून, दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखा बसवायचे, त्यामुळे त्यांचं कापड पुढे सरकत नव्हतं आणि जे झालं होतं त्यातून खिडकीबाहेरचं झाड स्पष्ट दिसत होतं. वहिनीचं कापड मात्र कापडासारखं होत होतं. ती मूळचीच शांत होती.

भिंगरीचं काम वेगानं चाललं होतं, पण दर चार-पाच धाग्यांनंतर डावी बाही फणीखाली यायची.

"तो हात आवरा बाई," विणकरबाई म्हणाल्या. "नाहीतर कापडात विणला जाईल."

वहिनीनं आणि पहिलवानानं मिळून भिंगरीला स्वेटरमधून बाहेर काढलं. डोकं सुटतंय न सुटतंय तोच अंगणातून विणकरबाईंची हाक आली, "निळीतून कापड वर काढतेय! हवा लागली की हिरव्याचं निळं होतं. बघायचं असेल त्यांनी पळा!"

भिंगरी पळाली. पळता पळता हातातला स्वेटर तिनं मागे भिरकावला. कुठं पडला ते बघायला ती थांबली नाही.

स्वेटर टोपलीत पडला.

आता ती टोपली साधी असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण शिबिराच्या पत्रकात 'जुन्याचं नवं' असा एक तास होता. प्रत्येकानं घरून टाकाऊ लोकरी कपडा आणायचा, टोपलीत टाकायचा, आणि दुसऱ्याचा उचलून उसवायचा. आपलं आपल्याला उसववत नाही, हात अडतो, म्हणून विणकरबाईंनी ही रीत पाडली होती. टोपलीतलं कोणाचं, हे विचारायचं नाही, हाही नियमच. न्यायाधीशांचे गुडघे दुखत असल्यामुळे ते अंगणात गेले नव्हते. टोपलीजवळच्या खुर्चीत बसून ते हाताला काम शोधत होते. सगळ्यात वर त्यांना नारिंगी स्वेटर दिसला; सकाळभर धाग्यांवरून नजरच उचलली नसल्यामुळे तो कोणाच्या अंगात होता हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. दोन बाह्या एकमेकींजवळ धरून मापल्या. गळ्यातून मूठ घालून पाहिली, ती अडकली, मोठ्या कष्टानं सोडवली. नंतर कात्री घेऊन त्यांनी शिवणी उसवल्या आणि एका टोकानं धागा ओढायला लागले. आयुष्यात प्रथमच त्यांना इतक्या झपाट्यानं काहीतरी निकालात काढता येत होतं. ते इतके रंगले की शेवटचा गुंडा होत असताना वहिनीनं अंगणातून येऊन "मदत करू?" असं विचारल्यावर "नको, नको!" म्हणाले.

भिंगरी कोपरापर्यंत निळे हात घेऊन परतली तेव्हा टेबलावर नारिंगी लोकरीचे गुबगुबीत गुंडे मांडलेले होते. ती जागच्या जागी उडाली.

"अय्या! हा रंग! वहिनी, अगदी माझ्या स्वेटरचा रंग!"

"हो की गं," वहिनी म्हणाली.

"मी ह्यातच विणणार! त्याच्यावर घालायला त्याच रंगाची शाल! ह्यांना किती आनंद होईल!" तिनं ती लोकर भराभर धोट्याच्या कांड्यांवर गुंडाळली आणि धोटा सोडला. एवढ्यानं भागेना. आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यात मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "घ्या ना हो, तुम्ही पण घ्या! करड्या रंगात काय जीव आहे? तुमच्या मागावर नारिंगी खुलेल!" असं करत तिनं पहिलवानाला दोन गुंडे दिले, वहिनीला दिले, न्यायाधीशांच्या तर मागावर स्वतः नेऊन बसवले. त्यांचीही गाडी आता अडखळेनाशी झाली होती. उन्हं उतरेपर्यंत खोली नारिंगी झाली.

उन्हं उतरली, टेकडीवर वारा सुटला, आणि भिंगरीनं दंड चोळत विचारलं, "वहिनी, माझा स्वेटर कुठं ठेवलास गं?"

"मी? तूच भिरकावलास की."

"कुठं?"

वहिनीनं टोपलीकडे पाहिलं. मग मागाकडे पाहिलं. मग दुसऱ्या मागाकडे पाहिलं. वहिनी शांत स्वभावाची होती, पण तिचा चेहरा काही शांत राहिला नाही.

"भिंगरी," ती म्हणाली, "तू आधी खाली बस."

भिंगरी बसली नाही. ती टोपलीत कमरेपर्यंत शिरली, बाहेर आली, आणि तिनं अशी किंकाळी फोडली की पहिलवानाच्या हातातून फणी सुटली. न्यायाधीश उभे राहिले.

"तो… वापरातला होता?" त्यांनी विचारलं.

"वापरातला म्हणजे? मी रोज घालते!"

"रोज," न्यायाधीश म्हणाले. "मला वाटलं… फाटका नव्हता, हे मान्य. पण एकूण परिस्थिती पाहता…"

"ह्यांनी विणलाय हो तो! पाय मोडलेला असताना! माझ्यासाठी!" भिंगरी चक्क रडायला लागली. "आणि मी स्वतः सगळ्यांना वाटला! घ्या घ्या म्हणून वाटला! उद्या दुपारी ते येतील, काही बोलणार नाहीत, नुसतं 'चालेल' म्हणतील. मला नाही ते ऐकवणार!"

पहिलवान आपल्या मागाकडे गेला आणि विणलेलं परत सोडवता येतं का ते बघू लागला. त्यानं ते इतकं ठोकलं होतं की नख शिरेना. न्यायाधीशांनी आपल्यालाच दोषी ठरवून टाकलं. अखेर विणकरबाई बोलल्या.

"टोपलीतलं परत मिळत नाही," त्या म्हणाल्या. "पण इथं लोकर सगळी आहे. तसूभरही खोलीबाहेर गेलेली नाही. स्वेटर म्हणजे काय? पुढचा भाग, मागचा भाग, दोन हात. उद्या सकाळी आणखी विणू, मागावरून कापू, शिवू."

"दुपारपर्यंत?" वहिनीनं विचारलं.

"मशीन आहे माझ्याकडे." विणकरबाईंचा करडा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला होता. "शिवणार कोण?"

"मी," वहिनी म्हणाली.

भिंगरीचे डोळे पुसायचे राहून गेले. "म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून? अय्या, मग होईलच की!" ती म्हणाली. रडणं आणि आनंद यांत तिला फार अंतर लागत नसे.

रविवारी झाली तशी सकाळ त्या टेकडीनं पूर्वी कधी पाहिली नसेल. शिबिराचं वेळापत्रक भिंतीवर लटकत राहिलं. न्याहारी मागावरच झाली. पुढचा भाग पहिलवानाकडे, मागचा न्यायाधीशांकडे, उजवी बाही वहिनीकडे आणि डावी स्वतः भिंगरीकडे. ती मागांमधून फिरून सगळ्यांना दवाखान्यातल्या सवयीनं "झालंच हं, झालंच, आता थोडंच राहिलं" असं म्हणत होती. पहिलवान घाम पुसत ठोकत होता. न्यायाधीश कधी नव्हे ते तपासणी सोडून धोटा फेकत होते आणि मधेच "वा!" म्हणत होते. आपण स्वतःलाच म्हणतोय हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं.

"डावी बाही वीतभर लांब हवी," भिंगरीनं वहिनीला बजावलं.

"अगं, आता तरी सरळ करू."

"नको! त्याशिवाय ह्यांना ओळखू येणार नाही. आणि गळा घट्ट. डोकं अडकलं पाहिजे."

"मुद्दाम?" विणकरबाईंनी विचारलं.

"मुद्दाम!"

विणकरबाईंनी कात्री खाली ठेवून एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा उचलली. एवढी वर्षं लोकांना सरळ कापड विणायला शिकवून हा दिवस बघावा लागला होता.

शेवटची शिवण मारून वहिनीनं धागा तोडला तेव्हा फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. चौघांनी मिळून भिंगरीला त्यात कोंबलं. ती बाहेर आली ती लाकडी बाहुलीसारखी. पहिलवानाचा पुढचा भाग फळीसारखा ताठ होता, तिला वाकता येईना. न्यायाधीशांच्या मागच्या भागातून वारा थेट पाठीला लागत होता. हात कोपरात मुडपेनात.

"लांबून बघितलं तर तोच वाटतो," पहिलवान म्हणाला.

"मग ह्यांना लांबच उभं करा!" भिंगरी कुजबुजली.

नवरा दारात आला. सगळे आपापल्या मागांवर बसून एकाग्रपणे काही न विणता खटखट करू लागले. भिंगरी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं एक हात ताठच्या ताठ वर केला.

"आलात? झालं का जेवण? चला, निघू या!"

बंद पडलेल्या लिफ्टसमोर उभा राहतो तसा नवरा तिच्यासमोर उभा राहिला. मग जवळ आला. एक बोट पुढच्या भागावर आपटून पाहिलं. टकटक असा आवाज आला.

"हा आवाज पूर्वी नव्हता," तो म्हणाला.

भिंगरीनं तोंड उघडलं. काल रात्रीपासून तिनं गरम पाण्यात धुतला, पावसात भिजला, खिळ्याला अडकला अशा तीन गोष्टी तयार ठेवल्या होत्या. पण तिला खोटं बोलायला सुचायचं ते फक्त आधी. प्रत्यक्षात तिच्या तोंडून नीळ, टोपली, न्यायाधीश, गुंडे आणि "मीच वाटला हो सगळ्यांना" असं सगळं एका दमात बाहेर पडलं. न्यायाधीश उठून शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उसवणारा मी."

"पुढचा भाग माझा," पहिलवान खाली मान घालून म्हणाला. "जास्त ठोकला गेला."

भिंगरी आता फक्त त्या एका शब्दाची वाट बघत होती. नवऱ्यानं घसा साफ केला.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "पूर्वीच सांगायला हवं होतं."

"सांगा ना," भिंगरी रडवेली होऊन म्हणाली.

"प्लास्टरच्या आत पायाला खाज सुटायची. जीव जायचा. बोट पोचत नव्हतं. म्हणून सुया आणल्या होत्या. खाजवायला." तो छताकडे बघत बोलत होता. "एकदा आत सुई घातलेली असतानाच खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या. त्या ओरडतील म्हणून मी म्हटलं, विणकाम करतोय. त्या खूश झाल्या. लोकर घेऊन आल्या. मग रोज यायच्या, किती झालं ते बघायला. सुटकाच नव्हती."

कोणाचाही माग हलत नव्हता.

"म्हणजे," भिंगरी सावकाश म्हणाली, आणि सावकाश बोलताना तिला त्या खोलीतच काय, जगात कोणी ऐकलं नव्हतं, "मी एवढे हिवाळे सगळ्या गावाला सांगत फिरले, माझ्यासाठी, माझ्यासाठी… आणि ते खाजेसाठी होतं?"

"सुरुवात," नवरा म्हणाला.

"आणि मी कालपासून रडतेय! ह्या साहेबांना गुडघे दुखत असताना मागाला जुंपलंय!" ती उसळून पुढे आली, पण स्वेटरनं तिला वाकू दिलं नाही, त्यामुळे तिचा राग सगळा उभ्यानंच झाला. "प्लास्टर निघाल्या दिवशीच का नाही सोडून दिलंत मग?"

नवरा पुन्हा छताकडे बघू लागला.

"भाऊजी," वहिनीनं हळूच विचारलं, "प्लास्टर निघालं तेव्हा किती विणून झालं होतं?"

नवऱ्यानं अंगठा आणि करंगळी ताणून हवेत धरली. मग जरा विचार करून थोडी जवळ आणली.

"एवढं," तो म्हणाला.

भिंगरी त्या बोटांकडे बघत राहिली. मग स्वतःच्या अंगावरच्या त्या अफाट नारिंगी पसाऱ्याकडे तिनं पाहिलं. तिच्या ओठांची काहीतरी गडबड होऊ लागली.

"मग बाकीचा?" तिनं विचारलं. "बाकीचा का विणलात?"

नवऱ्याचे कान लाल झाले. तो खिडकीकडे वळला, मागाकडे वळला, धोटा उचलून उगाच उलटा करून पाहिला, आणि कुठूनच सुटका दिसेना तेव्हा मदतीच्या अपेक्षेनं त्यानं न्यायाधीशांकडे पाहिलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि आता या साक्षीदाराला आणखी काही विचारायचं नाही, असं बजावलं.